हवाई दलाचे गरुड कमांडो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भरतीची तयारी करणारी मुलं, त्यांचे आईवडील, एनसीसीचे विद्यार्थी यांच्याकडून गरुड दलाविषयी काही प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. ते इथे एकत्र केले आहेत. कोणतंही उत्तर सुटं वाचलं तरी कळेल. एखादी गोष्ट दुसरीकडे सविस्तर आली असेल तर तिथला क्रमांक दिला आहे. जे जाहीर झालं आहे तेवढंच इथे मांडलं आहे.

१. गरुड म्हणजे नेमके कोण? हवाई दलात तर वैमानिक असतात ना?

हवाई दलातले बहुतेक लोक कधीच विमान उडवत नाहीत. इंजिन दुरुस्त करणारे, रडारवर बसणारे, शस्त्रं चढवणारे, तळाचं रक्षण करणारे असे हजारो जवान आणि अधिकारी जमिनीवर असतात, म्हणून वैमानिक आकाशात जाऊ शकतो. गरुड हे याच जमिनीवरच्या लोकांमधले कमांडो. लष्कराचे पॅरा कमांडो आणि नौदलाचे मार्कोस, तसं हवाई दलाचं विशेष दल म्हणजे गरुड. ‘प्रहार से सुरक्षा’ हे त्यांचं ब्रीदवाक्य.

एका तुकडीला ‘फ्लाईट’ म्हणतात. तिच्यात साधारण साठ-सत्तर जण असतात आणि प्रमुख स्क्वाड्रन लीडर किंवा फ्लाईट लेफ्टनंट हुद्द्याचा अधिकारी असतो. प्रत्यक्ष कारवाईला मात्र याहून लहान गट जातात.

२. हे दल कधी सुरू झालं? आधी गरज नव्हती का?

गरज आधीही होती, ती २००१ मध्ये ठळकपणे दिसली. जम्मू-काश्मीरमधल्या हवाई तळांवर हल्ल्याचे प्रयत्न झाले आणि धावपट्टीवर उभं असलेलं लढाऊ विमान किती असहाय असतं हे सगळ्यांच्या लक्षात आलं. हवेत असताना शत्रूला धडकी भरवणारं विमान जमिनीवर चार बंदूकधाऱ्यांच्या तावडीत सापडू शकतं. सप्टेंबर २००३ मध्ये सरकारने या दलाला मंजुरी दिली. पहिले गरुड ६ फेब्रुवारी २००४ रोजी प्रशिक्षण पूर्ण करून बाहेर पडले आणि त्याच वर्षी ८ ऑक्टोबरला, हवाई दल दिनी, लोकांना ते पहिल्यांदा दिसले. सुरुवातीला ‘टायगर फोर्स’ हे नाव ठरलं होतं, ‘गरुड’ नंतर आलं. दिल्लीच्या प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात ते पहिल्यांदा चालले २०२३ मध्ये.

३. पॅरा कमांडो, मार्कोस, एनएसजी आणि गरुड यांत फरक काय? सगळ्यात भारी कोण?

दुसऱ्या प्रश्नाला उत्तर नाही, आणि तो विचारूच नये असं माझं मत आहे. प्रत्येकाचं काम वेगळं आहे.

पॅरा (स्पेशल फोर्सेस) लष्कराचे. शत्रूच्या प्रदेशात खोलवर जाऊन घाव घालणं हा त्यांचा मुख्य धडा. मार्कोस नौदलाचे, समुद्र आणि किनारा ही त्यांची भूमी. एनएसजी (राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दल) गृह मंत्रालयाच्या अखत्यारीत येते. ओलीस सोडवणं आणि शहरातला दहशतवादी हल्ला मोडून काढणं यासाठी ती आहे. मुंबईने २००८ मध्ये तिला काम करताना पाहिलं. गरुडांचं काम हवाई युद्धाला चिकटलेलं असतं. आपले तळ वाचवणं, शत्रूचं रडार निकामी करणं, शत्रूच्या हद्दीत पडलेल्या वैमानिकाला परत आणणं, जमिनीवरून लक्ष्य दाखवून आपल्या विमानांचा मारा अचूक करणं, ही त्यांतली मोठी कामं.

तिन्ही दलांच्या विशेष तुकड्यांनी एकत्र काम करावं यासाठी ‘आर्म्ड फोर्सेस स्पेशल ऑपरेशन्स डिव्हिजन’ उभी राहिली आहे. गरुड तिच्यातही आहेत.

४. ते रोज लढतात का? बाकीचा वेळ काय करतात?

रोज लढत नाहीत. बराचसा वेळ सरावात, गस्तीत आणि वाट पाहण्यात जातो. महिनोन्‌महिने काही घडत नाही आणि तरी प्रत्येक रात्री आज घडेल असं धरून उभं राहायचं असतं. धैर्याचा हा भाग कुठल्याही मानपत्रात येत नाही, म्हणून इथे मुद्दाम लिहितो आहे.

याशिवाय नक्षलग्रस्त भागात हवाई दलाची हेलिकॉप्टर जातात तेव्हा त्यांच्या संरक्षणासाठी गरुड सोबत असतात. काँगोमधल्या संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत भारताच्या हवाई तुकडीबरोबर ते होते. पूर आला, दरड कोसळली, परदेशात भारतीय अडकले, तरी त्यांना बोलावणं येतं (प्रश्न ११ पाहा).

५. प्रशिक्षण कुठे होतं, किती काळ चालतं? फारच खडतर असतं का?

मुख्य केंद्र उत्तर प्रदेशातल्या बागपत जिल्ह्यात, चांदीनगरच्या हवाई तळावर आहे. पायाभूत प्रशिक्षण ५२ आठवड्यांचं असतं आणि पहिले तीन महिने ही चाळणीच असते. मग वेगवेगळ्या ठिकाणी पाठवतात. छत्रीउडीसाठी आग्रा, जंगलातल्या लढाईसाठी मिझोराममधलं वैरेंग्टे, पाण्याखालच्या कामासाठी नौदलाची डायव्हिंग शाळा, शिवाय लष्कराच्या आणि एनएसजीच्या तुकड्यांबरोबर सराव. पूर्ण तयारीचा गरुड व्हायला साधारण तीन वर्षं लागतात. चांदीनगरचं प्रशिक्षण पार केलेल्यांना समारंभपूर्वक किरमिजी (मरून) रंगाची टोपी मिळते.

खडतर असतं, पण मुलं ज्या अर्थाने विचारतात त्या अर्थाने नव्हे. दंड किती आणि धावणं किती, यावर त्यांचं सगळं लक्ष असतं. शरीर तयार करता येतं. झोप नाही, पोटात अन्न नाही, अंग थकलंय, अशा वेळी नकाशा नीट वाचता येतो का, शेजाऱ्याचं ओझं उचलावंसं वाटतं का, हे तिथे तपासलं जातं. बरीच मुलं त्यात मागे पडतात.

६. पठाणकोटला गरुडांनी काय केलं?

२ जानेवारी २०१६ च्या पहाटे भारतीय लष्कराच्या गणवेशातले दहशतवादी पठाणकोटच्या हवाई तळात शिरले. तळावर विमानं होती, हेलिकॉप्टर होती आणि जवानांची कुटुंबंही राहत होती. सुरुवातीच्या चकमकीत गरुडांची तुकडी होती. अंबाला जिल्ह्यातल्या गरनाला गावचे कॉर्पोरल गुरसेवक सिंग त्यांत होते. त्यांना गोळ्या लागल्या, तरी ते लढत राहिले आणि तिथेच त्यांना वीरमरण आलं. त्यांचं लग्न होऊन जेमतेम दीड महिना झाला होता. त्यांच्याबरोबरचे कॉर्पोरल शैलभ गौर यांना अनेक गोळ्या लागल्या, ते बचावले. गुरसेवक यांना मरणोत्तर शौर्य चक्र मिळालं.

पठाणकोट म्हटलं की आणखी एक नाव घ्यायलाच हवं, जे गरुडांचं नाही. डिफेन्स सिक्युरिटी कोअरचे (डीएससी) जगदीश चंद हातात शस्त्र नसताना एका दहशतवाद्यावर धावून गेले आणि त्याला ठार करून मग पडले. त्यांना मरणोत्तर कीर्ती चक्र मिळालं. एकूण सात जण गेले. त्यांतले पाच डीएससीचे, एक गुरसेवक आणि एक एनएसजीचे लेफ्टनंट कर्नल निरंजन. डीएससीत निवृत्तीनंतर पुन्हा सेवेत आलेले, वयाने मोठे जवान असतात. त्या दिवसाचं सगळं श्रेय कमांडोंना देऊन या पाच जणांना विसरणं अन्यायाचं होईल. विमानं वाचली ती या सगळ्यांमुळे.

या हल्ल्यानंतर गरुडांची संख्या वाढवण्याचा निर्णय झाला.

७. तळ राखणारे हवाई दलाचे कमांडो काश्मीरच्या गावांत का जातात?

हा प्रश्न रागानेही विचारला जातो, विशेषतः २०१७ नंतर. ज्यांचं काम विमानतळावर आहे त्यांना बांदीपोराच्या गल्ल्यांत का पाठवलं, असा त्याचा सूर असतो.

त्याचं कारण अनुभव. चांदीनगरमध्ये कितीही सराव केला तरी समोरून खरी गोळी येत नाही. अंधाऱ्या घरात कोण आहे हे माहीत नसताना आत पाऊल टाकणं सरावाच्या मैदानात पूर्ण शिकता येत नाही. पठाणकोटने (प्रश्न ६) दाखवून दिलं होतं की तळावरचा हल्ला म्हणजे घराघरातली, इमारतीतली लढाईच असते. म्हणून गरुडांच्या तुकड्या राष्ट्रीय रायफल्स या लष्कराच्या दहशतवादविरोधी दलाबरोबर काश्मीरमध्ये तैनात झाल्या. बांदीपोरा जिल्ह्यातल्या हाजिन परिसरात ते राष्ट्रीय रायफल्सच्या १३व्या बटालियनबरोबर होते.

या निर्णयाची किंमत मोठी होती (प्रश्न ८ आणि ९). तरी मला तो योग्यच वाटतो. ज्याच्यावर तळाची सुरक्षा सोपवायची, त्याला पहिली खरी लढाई तळावरच लढायला लावणं जास्त धोक्याचं आहे.

८. मिलिंद खैरनार कोण होते? ते आपल्याकडचेच ना?

हो. सार्जंट मिलिंद किशोर खैरनार नंदुरबार जिल्ह्यातल्या बोराळ्याचे. खानदेशातल्या मुलांकडून हा प्रश्न सर्वांत जास्त येतो आणि त्यांना उत्तर आधीच माहीत असतं. आपल्या गावाजवळचा माणूस तिथवर पोचला होता, हे त्यांना पुन्हा एकदा ऐकायचं असतं.

११ ऑक्टोबर २०१७ च्या पहाटे बांदीपोरा जिल्ह्यातल्या हाजिन भागात लष्कराने शोधमोहीम सुरू केली. गरुडांची तुकडी तिच्यात होती. दडून बसलेल्या दहशतवाद्यांनी गोळीबार सुरू केला. चकमकीत दोन दहशतवादी मारले गेले. खैरनार आणि बिहारचे कॉर्पोरल नीलेश कुमार नयन यांना वीरमरण आलं. काश्मीरमधल्या दहशतवादविरोधी मोहिमेत गरुडांनी गमावलेले हे पहिले दोन जवान. खैरनार यांचं वय ३३ होतं. नाशिकजवळ ओझरच्या विमानतळावर त्यांचं पार्थिव आलं आणि बोराळ्याला त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. २०१८ च्या प्रजासत्ताक दिनी दोघांनाही मरणोत्तर शौर्य चक्र जाहीर झालं.

त्यांच्या हुद्द्याकडे लक्ष द्या. सार्जंट म्हणजे अधिकारी नव्हे. बारावीनंतर एअरमन म्हणून भरती व्हायचं आणि वर्षानुवर्षांच्या सेवेने वर चढायचं, अशी ही वाट. लहान गटात नवख्या पोरांच्या पुढे चालणारा माणूस बहुधा याच हुद्द्याचा असतो. अधिकारी हुकूम देतो, पण दारातून पहिलं पाऊल आत टाकायची वेळ अनेकदा सार्जंटवर आणि कॉर्पोरलवर येते. या पानावर ज्या गरुडांच्या मरणाबद्दल लिहिलं आहे त्यांतला एकही अधिकारी नव्हता.

९. ज्योतिप्रकाश निराला यांना अशोक चक्र कशासाठी मिळालं?

खैरनार आणि नयन गेल्यानंतर (प्रश्न ८) सहा आठवडेही झाले नव्हते. तोच हाजिन परिसर. १८ नोव्हेंबर २०१७ रोजी चंदरगीर गावातल्या एका घरात दहशतवादी असल्याची खबर मिळाली आणि गरुड व राष्ट्रीय रायफल्स यांनी घराला वेढा घातला. बिहारमधल्या रोहतास जिल्ह्याचे कॉर्पोरल निराला हलकी मशिनगन घेऊन घराच्या अगदी जवळ, निसटण्याच्या वाटेवर दबा धरून होते. ही जागा निवडताना आपण गोळीच्या टप्प्यात येणार हे त्यांना ठाऊक होतं.

आतले सहाही जण गोळीबार करत आणि हातबॉम्ब फेकत एकदम बाहेर पडले. निराला जागेवरून हलले नाहीत. त्यांनी दोघांना टिपलं, आणखी दोघांना जखमी केलं. स्वतःला गोळ्या लागल्यावरही त्यांची मशिनगन चालू होती. सहापैकी एकही निसटला नाही. मेलेल्यांत झकी-उर-रहमान लखवीचा पुतण्याही होता. लखवी म्हणजे मुंबईवरच्या २६/११ च्या हल्ल्याच्या सूत्रधारांपैकी एक. निराला यांना त्या जखमांनी मरण आलं.

२६ जानेवारी २०१८ रोजी राजपथावर त्यांच्या आई आणि पत्नी पदक घ्यायला आल्या. पदक देऊन जागेवर परतल्यावर राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांनी रुमालाने डोळे पुसले, ते देशभर दिसलं.

पुढे २०१९ मध्ये निराला यांच्या बहिणीचं लग्न झालं, तेव्हा गरुडमधले त्यांचे सोबती गावी गेले. त्यांनी आपसात वर्गणी काढून लग्नाला मदत केली. नवरी निघाली तेव्हा जमिनीवर तळहात पसरले आणि तिला त्या हातांवरून चालत नेलं. सेवा हा शब्द मी वापरतो तेव्हा मला हेही त्यात धरायचं असतं.

१०. निराला यांनी एवढं शौर्य गाजवलं, मग परमवीर चक्र का नाही?

परमवीर, महावीर आणि वीर ही तीन चक्रं शत्रूसमोरच्या युद्धातल्या पराक्रमासाठी असतात. अशोक, कीर्ती आणि शौर्य ही तीन युद्धाबाहेरच्या शौर्यासाठी. दहशतवादविरोधी कारवाया दुसऱ्या गटात येतात. म्हणजे निराला यांना शांतताकाळातला सर्वोच्च सन्मान मिळाला, त्यात काही कमी केलेलं नाही. हवाई दलात परमवीर चक्र आजवर एकच आहे, १९७१ मध्ये श्रीनगरच्या आकाशात एकट्याने लढलेले फ्लाइंग ऑफिसर निर्मलजितसिंग सेखों यांचं.

या सहाही पदकांच्या रचनेमागे सावित्रीबाई खानोलकर आहेत. त्या जन्माने युरोपीय. विक्रम खानोलकर या मराठी लष्करी अधिकाऱ्याशी लग्न करून त्या इथल्याच झाल्या.

निराला यांच्या आधी हवाई दलात कोणाला अशोक चक्र मिळालं, असंही विचारतात. अवकाशात गेलेले राकेश शर्मा सगळ्यांना आठवतात. पण हवाई दलातले पहिले मानकरी फ्लाईट लेफ्टनंट सुहास बिस्वास. फेब्रुवारी १९५२ मध्ये त्यांच्या डेव्हन विमानाच्या इंजिनाला हवेत आग लागली. आत लष्कराचे अनेक वरिष्ठ अधिकारी होते. त्यांत श्रीनागेश आणि थिमय्या होते, आणि कोल्हापूरकडचे शंकरराव थोरातही होते. बिस्वास यांनी लखनौजवळ संडिला इथे विमान शेतात उतरवलं आणि सगळे वाचले. जमिनीवरच्या लढाईत अशोक चक्र मिळवणारे हवाई दलाचे पहिले जवान मात्र निराला.

११. गोळी न चालवता केलेली मोठी कामं कोणती?

दोन सांगतो.

पहिलं, झारखंडमधल्या देवघरजवळ त्रिकूट डोंगरावरचं. १० एप्रिल २०२२ रोजी तिथल्या रोपवेला अपघात झाला आणि केबिनी दरीवर लटकत राहिल्या. आत बायका होत्या, मुलं होती. दुसऱ्या दिवसापासून हवाई दलाची हेलिकॉप्टर वर आली आणि गरुड दोरावरून खाली उतरू लागले. अडचण अशी की हेलिकॉप्टर जवळ आलं की त्याच्या पंख्याच्या वाऱ्याने केबिन हेलकावे खाते आणि शेजारच्या तारांत दोर अडकण्याची भीती असते. कमांडोने हवेत लोंबकळत दार उघडायचं, भेदरलेल्या माणसाला पट्टा बांधायचा आणि त्याला धीर देत वर पाठवायचं. हे दोन दिवस चाललं. बहुतेकांना सुखरूप आणलं गेलं, पण सुटकेच्या वेळी एक पुरुष आणि एक महिला खाली पडून मरण पावले. हे मी गाळत नाही, कारण अशा कामात जीव किती बारीक धाग्यावर असतो ते यातूनच कळतं.

दुसरं, सुदानमधलं. एप्रिल २०२३ मध्ये खार्तूममध्ये यादवी पेटली आणि भारतीयांना बाहेर काढायला ‘ऑपरेशन कावेरी’ सुरू झालं. २७ एप्रिलच्या रात्री हवाई दलाचं सी-१३० जे विमान खार्तूमच्या उत्तरेला सुमारे ४० किलोमीटरवर असलेल्या वादी सय्यिदना इथल्या खराब धावपट्टीवर उतरलं. दिवे नव्हते, मार्गदर्शन करणारी यंत्रणा नव्हती, इंधन नव्हतं. वैमानिकांनी अंधारात पाहण्याचे चष्मे लावून विमान टेकवलं. इंजिनं चालूच ठेवली. आठ गरुड खाली उतरले, त्यांनी भोवताल सुरक्षित केला आणि १२१ जणांना सामानासकट आत घेतलं. त्यांत आजारी माणसं होती, एक गरोदर महिला होती. विमान तसंच अंधारात उडालं आणि जेद्दाला पोचलं. एकही गोळी झाडावी लागली नाही. माझ्या मते गरुडांचं हे सर्वांत सुंदर काम.

१२. इतर देशांतही हवाई दलाचे असे जवान असतात का?

असतात. अमेरिकेची परंपरा जुनी आणि मोठी आहे. दोन नावं मुलांना मी नेहमी सांगतो.

विल्यम पिट्सनबार्गर हा पॅरारेस्क्यू जवान, म्हणजे जखमींना उचलून आणणारा. ११ एप्रिल १९६६ रोजी व्हिएतनामच्या जंगलात वेढल्या गेलेल्या पायदळाच्या तुकडीत तो हेलिकॉप्टरमधून उतरला, कारण जखमींना वर कसं पाठवायचं ते खालच्यांना जमत नव्हतं. त्याने नऊ जणांना वर पाठवलं. मारा वाढला, हेलिकॉप्टरला निघावं लागलं. तो वर जाऊ शकत होता, गेला नाही. जखमींवर उपचार करत, मेलेल्यांजवळच्या गोळ्या गोळा करून जिवंतांना वाटत तो संध्याकाळपर्यंत लढला आणि मारला गेला. वय २१. तो ज्यांच्यासाठी थांबला ते पायदळाचे लोक होते, त्याच्या दलाचेही नव्हते. सर्वोच्च पदक, मेडल ऑफ ऑनर, त्याला २००० मध्ये मिळालं. त्यासाठी वाचलेले सैनिक वर्षानुवर्षं झटले.

दुसरा जॉन चॅपमन, विमानांना जमिनीवरून मार्गदर्शन करणारा कॉम्बॅट कंट्रोलर. ४ मार्च २००२ रोजी अफगाणिस्तानातल्या ताकुर घर शिखरावर, हेलिकॉप्टरमधून पडलेल्या सहकाऱ्याला सोडवायला गेलेल्या गटात तो होता. बर्फातून चढत त्याने शत्रूच्या मोर्चावर थेट चाल केली आणि तो कोसळला. तो गेला असं समजून बाकीचे मागे हटले. नंतर हवाई चित्रीकरण बारकाईने तपासल्यावर हवाई दलाचा निष्कर्ष निघाला की तो शुद्धीवर आला होता आणि एकटा बराच वेळ लढला होता. त्याला २०१८ मध्ये मेडल ऑफ ऑनर मिळालं. त्याला तिथे सोडून येणाऱ्यांना मी दोष देणार नाही. अंधारात, गोळीबारात, जखमींना घेऊन घेतलेल्या निर्णयावर खुर्चीत बसून निकाल देऊ नये.

१३. यांना भीती वाटत नाही का?

वाटते. भीती न वाटणारा माणूस अशा कामाला नकोच, कारण तो सोबत्यांचाही जीव धोक्यात घालतो. सरावाने भीती जात नाही, पण भीती असतानाही हात काम करत राहतात. आणि ऐन वेळी माणूस थांबतो तो बहुधा शेजारच्यासाठी. निराला (प्रश्न ९) वाटेवरून बाजूला झाले असते तर ते सहा जण त्यांच्याच सोबत्यांच्या अंगावर गेले असते.

१४. मुलींना गरुडमध्ये जाता येतं का?

दार उघडं आहे. नौदल आणि हवाई दल यांनी आपली विशेष दलं महिलांसाठी खुली केल्याचं २०२२ च्या अखेरीस समोर आलं. निकषांत सवलत नाही, आणि नसावीच. तयारीसाठी राज्य सरकारची मुलींची सैनिकी सेवापूर्व प्रशिक्षण संस्था नाशिकला आहे. मुलांची छत्रपती संभाजीनगरला आहे. दोन्हीकडे भर अधिकारी होण्यावर असतो.

१५. माझ्या मुलाला थेट गरुडमध्ये भरती व्हायचंय. फॉर्म कुठे मिळतो?

आधी हवाई दलात जावं लागतं. २०२२ पासून जवानांची भरती अग्निपथ योजनेतून होते. अग्निवीरवायू म्हणून चार वर्षांची सेवा, आणि त्यानंतर जास्तीत जास्त २५ टक्क्यांना पुढे कायम केलं जातं. अधिकारी व्हायचं असेल तर एनडीए, सीडीएस किंवा एएफकॅट यांपैकी एक प्रवेशपरीक्षा. वयाच्या, दृष्टीच्या, उंचीच्या अटी बदलत असतात, म्हणून दर वेळी हवाई दलाची अधिकृत जाहिरातच वाचावी. मुंबईचं एअरमन निवड केंद्र कॉटन ग्रीनला आहे.

‘गरुडमध्ये नक्की लावून देतो’ असं सांगून पैसे मागणारा कोणीही फसवतोच आहे. निवड चांदीनगरच्या मातीत होते, तिथे कोणाचा शब्द चालत नाही.

१६. चाळणीत मागे पडला तर नोकरी जाते का?

गरुडची टोपी न मिळणं आणि हवाई दलातून बाहेर पडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कमांडो प्रशिक्षणात न टिकलेला जवान दुसऱ्या कामात चांगली सेवा देऊ शकतो. सेवेच्या अटी मात्र भरती ज्या जाहिरातीने झाली तिच्यावर ठरतात (प्रश्न १५). आईवडिलांना एवढंच सांगेन की परत आलेल्या मुलाला ‘जमलं नाही का?’ असं चारचौघांत विचारू नका. चाळणीपर्यंत पोचणारेही थोडेच असतात.

१७. अशा जवानांच्या कुटुंबांसाठी काही करायचं असेल तर कुठे करावं?

दरवर्षी ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन असतो. त्याचा निधी माजी सैनिकांच्या आणि वीरपत्नींच्या कल्याणासाठी वापरतात. आपल्या जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात तो वर्षभर देता येतो. समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या खाते क्रमांकांवर पैसे पाठवू नका.

पैशाइतकीच गरज पुढच्या वर्षांत सोबतीची असते. अंत्ययात्रेला हजारो लोक येतात आणि वर्षभराने पेन्शनच्या कागदासाठी, मुलाच्या शाळेच्या दाखल्यासाठी वीरपत्नी एकटीच कार्यालयांत हिंडत असते. आपल्या तालुक्यात असं घर असेल तर त्या कागदांच्या कामात हातभार लावा. भेटायला जाताना आधी विचारून जा, आणि कॅमेरा नेऊ नका.

१८. आमच्या गावचा मुलगा गरुडमध्ये आहे. त्याच्या सत्काराचा फोटो आणि माहिती टाकली तर चालेल का?

सत्कार जरूर करा, पण त्याला विचारून. गणवेशातला चेहरा, तुकडीचं नाव, सध्याची तैनाती, सुट्टी कधी संपते, कोणत्या गाडीने जाणार, यांतलं काहीही लिहू नका. घराचा पत्ता किंवा मुलांची शाळा तर मुळीच नको. एकेकटा तपशील साधा वाटतो, पण चार जणांनी टाकलेले चार तपशील जोडले की पुरेशी माहिती तयार होते. त्याने स्वतः काही टाकलं असलं तरी ते पुढे पाठवण्याआधी त्याला विचारा. आणि तो कुठे आहे हे घरच्यांना सांगत नसेल तर रुसू नका. सांगता येत नसतं.